एकशे सव्वीस वेळा तीच गाडी

४ जानेवारी

आज तळमजल्यावरच्या वकिलांनी जिन्यात गाठलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, जीप कधी हलवणार? हे जाऊन साडेतीन महिने झाले. तेव्हापासून जीप जागची हललेली नाही आणि तिच्याखाली तेलाचा डाग पडलाय. वकिलांचं बरोबर आहे. एकतीस वर्षं मी नगरपालिकेच्या तक्रार विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. रास्त तक्रार मला लांबूनही ओळखू येते. जीप विकते म्हणून त्यांना सांगून टाकलं.

ही वही त्यासाठीच काढली आहे. घरात बोलायला कोणी उरलं नाही, आणि नोंद केल्याशिवाय काम झाल्यासारखं मला अजून वाटत नाही.

ह्यांनी जीप कशाला घेतली हे मला कधीच कळलं नाही. शाळेत गणित शिकवणारा माणूस, जन्मभर सायकलवर फिरलेला. ज्या वर्षाबद्दल आम्ही घरात बोलत नाही, त्या वर्षी एके दिवशी ही जुनी, चारी चाकांना जोर पोचवणारी जीप घेऊन आले. महिन्यातून एकदा समुद्राकडे वाळूच्या टेकड्यांवर चालवायला जाईन म्हणतो, म्हणाले. मी म्हटलं, जा. त्या दिवसांत मी सगळ्यालाच ‘जा’ म्हणत होते. मग पहिल्या रविवारी सकाळी निघायचे आणि संध्याकाळी केसांत वाळू आणि पाठीत उसण घेऊन यायचे. मी मलम चोळायची आणि चोळता चोळता म्हातारपणी ही कसली थेरं म्हणून तोंडसुख घ्यायची. ते पालथे पडून ऐकून घेत.

दुपारी जीप रिकामी केली. एक फावडं निघालं, दांडा हात धरायच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला. चाकात हवा भरायचा पंप, एक फडकं, आणि सीटखाली प्लॅस्टिकच्या डब्यात कॅमेरा. आमच्याकडे कॅमेरा आहे हेच मला माहीत नव्हतं.

५ जानेवारी

कॅमेऱ्यातलं कार्ड कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे नेलं. त्याने ते संगणकात घातलं, बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “काकू, यात एकच गाडी आहे. एकशे सव्वीस वेळा.”

वाळूच्या टेकड्यांच्या खोबणीत उभी असलेली एक बेवारस गाडी. उंच, चौकोनी, आमच्या जीपच्या जातीचीच, पण टप असलेली. रंग कधीकाळी हिरवा असावा. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तारीख, दर महिन्याचा पहिला रविवार. एकही महिना चुकलेला नाही. शेवटचा फोटो हे जायच्या तीन आठवडे आधीचा. सगळे एकाच जागेवरून काढलेले. पहिल्या काही फोटोंत हिरवा रंग चांगला दिसतो, मग तो विटत जातो, शेवटी नुसता गंज. पाच मिनिटांत ती गाडी माझ्यासमोर म्हातारी झाली.

एखाद्या माणसाचा फोटो आहे का, असं विचारलं. मला विचारायचं होतं माझा आहे का. त्याने पुन्हा शोधलं आणि नाही म्हणाला.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. अडतीस वर्षांच्या संसारात माझा एक फोटो काढावासा वाटला नाही आणि भंगाराचे एकशे सव्वीस! गेली दहा वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला, पेपर वाचला, औषधाच्या गोळ्या मोजल्या आणि या गाडीबद्दल चकार शब्द बोलला नाही. आता भांडायचं तर कोणाशी? रिकाम्या खुर्चीशी भांडून मी कंटाळले आहे.

१० जानेवारी

मिस्त्रीकडे गेले. हा ह्यांचा जुना विद्यार्थी, बाजारामागे त्याचं गॅरेज आहे. गणितात नापास, इंजिनात पहिला, असं हे कौतुकाने सांगायचे. रविवारी बरोबर तोच असायचा. आता पन्नाशीला आलाय पण ‘सर’ म्हणताना अजून ताठ उभा राहतो.

मी म्हटलं, मला ती गाडी बघायची आहे. तो हातातल्या चिंधीने आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत राहिला. तिथे ऊन फार लागतं म्हणाला, वाटेत जीप रुतते म्हणाला, बघण्यासारखं तिथे काही नाही म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या सरांनी एकशे सव्वीस वेळा बघितलं, मी एकदा बघितलं तर काय बिघडतं? तू येणार नसशील तर मी एकटी जाईन. गाडी मला येते, ऑफिसने शिकवली होती.

त्यावर “एकट्या नका जाऊ काकू,” एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी येतोय. पण त्याचा चेहरा असा, जणू मी त्याच्याकडे दागिने गहाण ठेवायला मागितले. काहीतरी लपवतोय. दोघांनी मिळून तिथे काय उद्योग चालवले होते देव जाणे.

१७ जानेवारी

अंग ठणकतंय, पण आजची नोंद आजच व्हायला हवी.

डांबरी रस्ता संपला तिथे मिस्त्रीने जीप थांबवली आणि चारी चाकांतली हवा निम्म्याहून कमी केली. मला वाटलं हा वेडा झाला. म्हणाला, चाक वाळूवर पसरलं पाहिजे, फुगलेलं चाक खड्डा खणतं. मग मला चालवायला बसवलं. वाळूत ब्रेक मारायचा नाही, चढावर वळायचं नाही, निघालात की मनात शंका आणायची नाही. पहिल्या टेकडीवर मी शंका आणली आणि आम्ही रुतलो. दुसऱ्यांदा डोळे मिटायचेच काय ते बाकी ठेवले आणि जीप वर! समोर सगळा समुद्र. मी अकरा वर्षं समुद्राकडे बघितलेलं नाही. बसने जातानाही मी डाव्या बाजूला बसते. मान वळवली आणि खाली उतरले.

गाडी दोन टेकड्यांच्या मध्ये आहे. दाराच्या मुठीपर्यंत वाळू चढलेली. मिस्त्री जवळ गेला आणि बाहीने चालकाच्या बाजूची काच पुसली. काय दिसतंय म्हणून विचारलं तर म्हणाला, काही नाही, सवय. मग लांब जाऊन पाठ फिरवून बसला. मला वाटतं पित्त झालं असावं.

मी मात्र माझ्या पद्धतीने काम केलं. आमच्या विभागात पाहणीचे फोटो कसे काढायचे हे मीच ठरवून दिलं होतं: चार कोपऱ्यांवरून चार, वाळूची उंची दाखवायला पट्टी धरून एक, ओळख पटवायच्या खुणांचे जवळून. एक काच फुटलेली नाही, आतली सीट शाबूत. चोरांनाही नको झालेली गाडी! नंबरप्लेट मात्र पुढेमागे दोन्हीकडे नाही. ओढून तोडलेली नव्हे, पान्याने स्क्रू सोडवून नीट काढलेली. मिस्त्री लांबूनच म्हणाला, नंबर नाही म्हणजे मालक सापडायचा नाही, राहू दे काकू.

मला असं कोणी सांगितलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. मालक न सापडायला काय झालं? पुढच्या उजव्या चाकामागची वाळू मी हाताने उपसली, कोपरापर्यंत हात घालून पोलादी पट्टीवर कोरलेला चासी नंबर शोधला, पर्समधल्या सँडपेपरने घासला, त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली. सतराच्या सतरा अक्षरं उमटली. उठले तर मिस्त्री माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत वाळू गेली म्हणाला.

१८ जानेवारी

ह्यांचे फोटो आणि माझे फोटो छापून आणले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. ह्यांच्या एकाही फोटोत वाळू चाकाच्या वर नाही. शेवटच्या फोटोनंतरच्या चार महिन्यांत मुठीपर्यंत कशी चढली? वाऱ्याची दिशा बदलली असेल. नाहीतर हे वाळू कमी असतानाच फोटो काढत असतील.

२१ जानेवारी

अर्ज लिहिला. सेवानिवृत्तीनंतरचा पहिला. सार्वजनिक किनाऱ्यावर दहा वर्षांहून अधिक काळ पडून असलेलं वाहन, मुलांच्या जिवाला धोका, गंज, सोबत सात छायाचित्रं, चासी नंबरचा पेन्सिल ठसा. असा अर्ज नाकारायची कोणाची टाप आहे! इतकी वर्षं ती गाडी तिथे राहिली कारण कोणी तक्रारच केली नाही. तक्रार नाही म्हणजे ऑफिसच्या लेखी गाडीही नाही.

मी हे का करतेय, हे इथे तरी खरं लिहावं. माझ्या नवऱ्याने माझ्यापासून एक जागा लपवली आणि मला ती जागा नको आहे. बस.

ऑफिसात माझ्या खुर्चीवर आता खार बसते. नाव वेगळं आहे, पण दिवसभर ड्रॉवरमधून काहीतरी काढून कुरतडत असते म्हणून मीच तिला खार म्हणायला लागले. कामाला चोख. माझ्याच हाताखाली तयार झाली आहे. अर्ज वाचून म्हणाली, “मॅडम, हा तर फ्रेम करून लावायला हवा.” किनारा साफ करायला क्रेन येणारच आहे, त्याच यादीत घेते म्हणाली. घरी येताना पाऊल हलकं पडत होतं.

३ फेब्रुवारी

मिस्त्री घरी आला. चहा घेईना. अर्ज मागे घ्या म्हणून विनवायला लागला. कारण विचारलं तर पुन्हा तेच, मागे घ्या. मी त्याला स्पष्ट विचारलं, त्या गाडीचे सुटे भाग विकायचा तुझा बेत आहे का? तो उठून उभा राहिला. “सरांनी मला असं कधी विचारलं नसतं,” म्हणाला आणि गेला. लागलं असेल त्याला. पण मग सांगायचं ना सरळ.

१२ फेब्रुवारी

जीप विकायची घाई नाही असं वकिलांना सांगितलं. आज एकटीच वाळूच्या तोंडापर्यंत नेऊन आणली. कोणाला सांगणार, म्हणून इथे लिहिते: मजा आली. मग घरी येऊन उगाचच रडले.

१९ फेब्रुवारी

सकाळी अकराला पोस्टमन आला. रजिस्टर पत्र. पाकिटावरचं नाव वाचून म्हणाला, हे घरी आहेत का?

बाहेर गेलाय, मी म्हटलं. आणि सही केली.

२० फेब्रुवारी

काल पुढे लिहिता आलं नाही.

पत्र आमच्या ऑफिसचं होतं. आमच्या मुलाच्या नावाने. आपल्या नावे नोंद असलेले वाहन किनाऱ्यावर बेवारस आढळून आले असून ते आपण सात दिवसांत हलवावे. मुदतीत उत्तर न आल्यास आपणांस काही सांगावयाचे नाही असे समजण्यात येईल.

हा मसुदा माझा आहे. शब्द न् शब्द माझा. पंधरा वर्षांपूर्वी एका दुपारी मी तो लिहिला, साहेबांनी स्वल्पविरामही न बदलता मंजूर केला आणि मी सगळ्या विभागाला चहा पाजला. ‘आपणांस काही सांगावयाचे नाही.’ तेवीस वर्षांचा होता माझा मुलगा.

चासी नंबरही मीच शोधून दिला. हाताने वाळू उपसून. त्याची गाडी मी ओळखली नाही, कारण ती मी कधी बघितलीच नव्हती.

२२ फेब्रुवारी

मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले. पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, शटर अर्धं खाली ओढलं, मला स्टूल दिलं आणि स्वतः चाकावर बसला. मग सगळं सांगितलं. ते त्याच्या शब्दांत नाही, मला आठवतं तसं लिहिते.

गाडी मुलाने ठेवली होती तिथेच ह्यांनी ठेवली. हलवायची म्हणून मिस्त्रीला घेऊन गेले होते, किल्ली लावली, इंजिन सुरूही झालं. मग उतरले आणि म्हणाले, नको, आज नको. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले, तर वाळू पायदानापर्यंत आलेली. ती काढली, आणि पुन्हा आज नको. असं दर महिन्याला. चार चार तास फावडं चालायचं. काच पुसायची, एक फोटो काढायचा, निघायचं. नंबरप्लेट ह्यांनीच काढून ठेवली, म्हणजे कोणी माग काढत घरापर्यंत येऊ नये. शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायचा, तेव्हा ते वाळूत बसून राहायचे आणि मिस्त्री उपसायचा.

आणि मी पाठीला मलम चोळत त्यांना टोमणे मारत होते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं रे? त्याने पत्राची घडी घातली. मग म्हणाला, “काकू, मी एकदा म्हटलं होतं सरांना. तर सर म्हणाले, तिने विचारलं की सांगेन.”

मी विचारलं नाही. अकरा वर्षांत गाडीचं काय झालं हे मी एकदाही विचारलं नाही. तो गेल्यावर पाचव्या की सहाव्या दिवशी ह्यांनी विषय काढला होता. मी म्हटलं, त्या गाडीचं नाव या घरात काढायचं नाही. मग गाडी भंगारात गेली असेल असं मी धरून चालले. ह्यांनी नाव काढलं नाही. त्याचंही नाव काढलं नाही. मला वाटायचं, या माणसाला दुःख होत नाही की काय? एकदा रागाच्या भरात तसं बोलूनही दाखवलं होतं. ते उठून गॅलरीत गेले.

मिस्त्रीची माफी मागितली. तो म्हणाला, सोडा काकू, मलाच सांगायला जमलं नाही.

२३ फेब्रुवारी

आज मी अशी गोष्ट केली जी करणाऱ्यांना मी जन्मभर टेबलासमोरून हाकललं. ऑफिसात जाऊन खारीला म्हटलं, ती फाइल थांबव.

अर्ज मागे घेता येत नाही. एकदा नोटीस गेली की तक्रारदाराला माघार नाही, हा नियमही माझाच. लोक तक्रारदारांवर दबाव आणायचे म्हणून मी तो भांडून करून घेतला होता. खारीने पत्र वाचलं. नोटिसा आता संगणकातून परस्पर निघतात, नाव तिने बघितलंच नव्हतं. तिला आमच्या घरचं माहीत आहे, त्या वर्षी ती नुकतीच लागली होती. तिने उठून दार लावलं आणि हळूच म्हणाली, “मॅडम, फाइल हरवूही शकते.”

मी हो म्हटलं. लाज वाटली नाही.

२४ फेब्रुवारी

मिस्त्रीबरोबर गेले. दोन फावडी घेऊन. आठला सुरुवात केली आणि साडेबारापर्यंत उपसत होतो. माझं वय त्रेसष्ट, हाताला फोड आले. एक फावडं बाहेर टाकावं तर अर्धं घरंगळून परत येतं. तरी चाकं मोकळी झाली. मिस्त्री म्हणाला, ते पहिल्यांदा आले तेव्हाच चारी चाकांतली हवा बेताने कमी केलेली होती. म्हणजे माझ्या मुलाला माहीत होतं वाळूत कसं जायचं ते. शिकून घेतलं होतं कोणाकडून तरी. मला वाटायचं काही न कळता गेला.

मिस्त्रीकडे किल्ली होती. दार उघडायला दोघांनी जोर लावला. मी आत बसले. सीट मागे सरकवलेली, माझे पाय पोचेनात. तो उंच होता, ह्यांच्यापेक्षाही. हे मी विसरले होते. स्वतःच्या मुलाची उंची विसरले होते मी.

आता लिहूनच टाकते. त्याला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. एका संध्याकाळी खालून हॉर्न वाजला, वाजतच राहिला. मी गॅलरीत गेले तर हा खाली उभा, आई खाली ये, गाडी बघ. मला न विचारता घेतली होती. मी त्याला पुढच्या परीक्षेला बसवणार होते, फॉर्मही आणून ठेवला होता. अंधारात धड काही दिसतही नव्हतं. मी म्हटलं, मला नाही बघायची, आणि दार लावून घेतलं. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. तो एकटाच वाळूकडे गेला, गाडी ठेवली, पोहायला उतरला. पोहता चांगलं यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी खूप लांब सापडला.

मी एवढंच करायचं होतं. दोन मजले उतरायचे होते.

मिस्त्रीने मला हे उभे राहायचे ती जागा दाखवली. एक लोखंडी खुंटी आहे तिथे ठोकलेली. मी तिथून कॅमेऱ्यात बघितलं. गाडीच्या मागे टेकडी येते, समुद्र दिसत नाही. गाडीचं तोंड रस्त्याकडे आहे. तिथून बघितलं की वाटतं, आता निघेल, घरी येईल. मी फोटो काढला. पट्टी धरली नाही.

२५ फेब्रुवारी

सकाळी एकटीच जाऊन आले. रात्री वारा होता. काल उपसलेली वाळू निम्म्यापर्यंत परत भरली आहे.

मी वाळूत बसले आणि हिशोब केला, वाळूचा. महिन्याला चार तास धरले तरी मी किती वर्षं उपसणार? माझ्यामागे मिस्त्री. त्याच्यामागे कोणी नाही. मग एक दिवस टपही दिसणार नाही. ह्यांना हे कळत नव्हतं असं नाही, गणिताचे मास्तर होते. पण त्यांना एकट्याला ‘आज’ म्हणवत नव्हतं. दोघं असतो तर म्हणता आलं असतं कदाचित. मी त्यांना एकटं पाडलं. त्यांना त्याच्याबद्दल बोलायला घरात माणूस नव्हतं म्हणून ते तिथे जात होते, आणि घरात मी होते.

खूप रडले. तिथे ऐकायला कोणी नव्हतं ते बरं झालं.

घरी येऊन खारीला फोन केला. म्हटलं, फाइल सापडू दे. उद्याच मुदत संपतेय, मालकाच्या बाजूने मी हजर राहीन.

२६ फेब्रुवारी

गाडी गेली.

नऊ वाजता क्रेन आली. क्रेनवाला घाईत होता, त्याच्या यादीत अजून पाच होत्या. मिस्त्रीने त्याला पट्टे कुठे लावायचे ते स्वतः दाखवलं, तळ गंजलाय, हळू घ्या म्हणाला. उचलताना एक पायदान तुटून पडलं. बाकी अख्खी वर आली. चाकांतून, दारांतून वाळू गळत होती, बराच वेळ गळत होती. ट्रकवर ठेवली तेव्हा तिचा हिरवा रंग दिसला, खाली वाळूत दबलेल्या भागावर तसाच होता, गडद. चांगला रंग निवडला होता त्याने. मी ट्रकभोवती एक फेरी मारली आणि ती सगळ्या बाजूंनी बघितली. क्रेनवाला थांबला. मिस्त्रीने त्याला काय सांगितलं माहीत नाही.

हे सगळं फॉर्म भरल्यानंतर. त्याशिवाय उचलता येत नाही. खार स्वतः आली होती, एरवी जागेवर शिपाई येतो. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहायला लागले. मालकाचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, अकरा वर्षांत पहिल्यांदा. उत्तर देणाऱ्याचे मालकाशी नाते: आई. वाहन किती काळ जागेवर आहे: अकरा वर्षे, त्याला पंधरा दिवस कमी.

पुढचा रकाना होता, वाहन सोडून देण्याचे कारण. दोन बोटं जागा ठेवली आहे तिथे. लोक जास्त लिहीत बसतात म्हणून मीच ती कमी करून घेतली होती. माझा हात थांबलेला बघून खार वाकून म्हणाली, “नादुरुस्त लिहा मॅडम. सगळे तेच लिहितात.”

मी बारीक अक्षरात लिहिलं. वाहन सोडून दिलेले नव्हते. ते नादुरुस्तही नव्हते. वडील दर महिन्याला येऊन वाळू काढत असत. आई आली नाही.

खारीने वाचलं. शिक्का उचलला आणि परत खाली ठेवला. शेवटचं वाक्य कारणात बसत नाही, खोडू का, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, राहू दे. तेच कारण आहे.